‘इलाज नाही’ ऐकल्यावर

नागपुरात मे महिन्यात मांजर दिवसभर निपचित पडून असलं, तर कोणाला नवल वाटत नाही. 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेलेला या शहराने पाहिलाय. इथे माणसंच दुपारी कूलरपुढून हलत नाहीत, तर मांजराने का हलावं? त्यामुळे दहा महिन्यांचा आमचा गोट्या जेव्हा खेळायचा बंद झाला, दूध-भाताला तोंड लावेना, तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाने एकच सांगितलं, “ऊन लागलं असेल जी त्याला, कांद्याचं पाणी लावा.”

मला खटकलं ते वेगळंच. तो कूलरची थंड जागा सोडून तापलेल्या जिन्यात जाऊन बसायचा. ज्याला उष्णतेचा त्रास होतोय, तो गरम जागा कशाला शोधेल? थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावून गुदद्वारातून ताप घेतला. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण 100.4 ते 102.5 फॅरनहाइट असतं. गोट्याला साडेएकशेचार होता. डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं. ताप एक दिवस उतरायचा आणि पुन्हा चढायचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन रोज थोडं कमी भरत होतं आणि पोट मात्र गोल होत चाललं होतं. पाठीचे मणके बोटांना लागतात आणि पोट फुगलेलं दिसतं, ही जोडी तरुण मांजरात कधीच साधी समजू नये.

गोट्याची सख्खी बहीण जरीपटक्याला माझ्या मैत्रिणीकडे वाढत होती. तिचंही पोट असंच फुगलं होतं. आधी जंतांचं औषध झालं, मग ती गाभण असेल असं ठरलं, मग पुन्हा जंतांचं औषध. पोटात पाणी आहे हे सोनोग्राफीत दिसलं तोवर तिचे डोळे पिवळे पडले होते. औषधाची चौकशी चालू असतानाच ती गेली. हे मी लिहितेय ते तिच्यामुळे. गोट्याचं नशीब एवढंच, की त्याच्या आधी ती आजारी पडली आणि आम्हाला कुठे बघायचं ते कळलं.

आजाराचं नाव फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस. डॉक्टर आणि मांजरवाले सगळेच ‘एफआयपी’ म्हणतात. मांजरांमध्ये एक कोरोनाविषाणू सर्रास असतो. विष्ठेतून पसरतो, आतड्यात राहतो आणि बहुतेकांना थोड्याशा जुलाबापलीकडे काही करत नाही. थोड्या मांजरांच्या बाबतीत मात्र तो त्यांच्या शरीरातच रूप बदलतो, पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो आणि रक्तवाहिन्यांना सूज आणतो. मग पोटात किंवा छातीत पाणी साचतं. याला ओला प्रकार म्हणतात. कोरड्या प्रकारात पाणी नसतं, पण मूत्रपिंड, यकृत, डोळे, मेंदू यांपैकी कुठेही गाठी येऊ शकतात. बहुतेक रुग्ण दोन वर्षांच्या आतले असतात. नवं घर, ऑपरेशन, एका घरात खूप मांजरं, अशा ताणानंतर आजार वर येताना पुष्कळदा दिसतो.

पहिल्यांदा ज्यांनी हे नाव उच्चारलं त्यांनी लगेच पुढचं वाक्यही उच्चारलं, “याला इलाज नाही. त्रास वाढायच्या आत झोपवण्याचा विचार करा.” त्यांच्या आवाजात कळवळा होता आणि त्यांनी शिकलेल्या पुस्तकांत तेच छापलेलं होतं. 1963 मध्ये बोस्टनच्या डॉ. जीन होल्झवर्थ यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं, तेव्हापासून अर्धं शतकभर हे वाक्य खरंच होतं. ते बदललं कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात. डॉ. नील्स पेडरसन यांनी कित्येक दशकं या आजारावर काम केलं होतं. जीएस-441524 नावाचं औषध त्यांनी घरोघरच्या आजारी मांजरांना दिलं आणि 2019 मध्ये निष्कर्ष छापले: 31 मांजरांपैकी 25 वाचली. त्यानंतर 2023 मध्ये 307 मांजरांचा मोठा अभ्यास आला आणि त्यात जगण्याचं प्रमाण 88 टक्क्यांच्या वर होतं. म्हणून माझं सांगणं असं, की तरुण मांजराच्या बाबतीत ‘इलाज नाही’ हे ऐकलंत, तर सांगणाऱ्याशी वाद घालू नका, रडतही बसू नका. रिपोर्ट हातात घ्या आणि दुसऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जा. ओल्या प्रकारात दिवस महत्त्वाचे असतात.

पण निदान तपासून घ्या, कारण एफआयपीची एकच एक पक्की चाचणी नाही. पुरावे जोडत जावं लागतं. कोरोनाविषाणूची अँटिबॉडी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून कोणी एफआयपी सांगत असेल, तर ते पुरेसं नाही. ती चाचणी असंख्य धडधाकट मांजरांचीही पॉझिटिव्ह येते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन ही दोन प्रथिनं बघा. त्यांचं गुणोत्तर, म्हणजे ए-जी रेशो, 0.4 च्या खाली असेल तर संशय दाट होतो, 0.8 च्या वर असेल तर एफआयपीची शक्यता फारच कमी. पोटात पाणी असेल तर सुईने थोडं काढून ते तपासायला सांगा. एफआयपीचं पाणी पिवळं, दोन बोटांत धरलं तर तार सुटणारं आणि प्रथिनांनी भरलेलं असतं. एक जुनी, स्वस्त चाचणी आहे, रिव्हाल्टा. काचेच्या नळीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात तीव्र अ‍ॅसेटिक आम्लाचा थेंब मिसळतात आणि वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब सोडतात. तो थेंब विरून गेला तर एफआयपी बहुधा नाही. आकार धरून लोंबकळत राहिला तर संशय वाढतो, पण जंतुसंसर्गात किंवा लिम्फोमा या कर्करोगातही तो तसा राहू शकतो. पाण्याची पीसीआर करता आली तर आणखी बळकटी येते. हृदयविकारानेही छातीत-पोटात पाणी साचतं, तेही वगळून घ्यावं लागतं.

नागपूरकरांना या बाबतीत एक सोय आहे. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासूनचं आहे आणि राज्याच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय याच शहरात आहे. खासगी दवाखान्यात उत्तर अडलं, तर तिथे दुसरं मत घेता येतं. सकाळी लवकर निघा, पिंजऱ्यावर ओला पंचा टाका. दुपारच्या उन्हात तापाचं मांजर ऑटोतून नेऊ नका. आणि हे लक्षात ठेवा: कुत्रा उन्हात तोंड उघडून धापा टाकतो, मांजर सहसा तसं करत नाही. मांजराने तोंड उघडून श्वास घेतला, तर छातीत पाणी असू शकतं. ती आणीबाणी आहे, मध्यरात्र असली तरी डॉक्टरांना उठवा.

गोट्याला एफआयपीच आहे असं ठरलं आणि औषधाचं नाव ऐकलं, तेव्हा आमच्या घरात शांतता पसरली. जीएस-441524 लगेच हाती लागेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, रेमडेसिव्हिरने सुरुवात करू. दोन्ही औषधं एकाच कंपनीच्या प्रयोगशाळेतली. रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर त्याचं जीएस-441524 होतं, म्हणजे काम तेच. विषाणू स्वतःच्या नकला काढत असताना हा रेणू त्या साखळीत खोट्या कडीसारखा बसतो आणि साखळी तिथेच थांबते. हे शास्त्र मला समजलं. बाबांना फक्त नाव ऐकू आलं.

एप्रिल 2021 मध्ये कोरोनामुळे माझे काका ऑक्सिजनवर होते आणि बाबा एका कुपीसाठी धंतोलीपासून कामठीपर्यंत फिरत होते. नागपुरात त्या महिन्यात ज्याच्या घरी रुग्ण होता, त्याला या इंजेक्शनचं नाव जन्मभर विसरता येणार नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला राज्य सरकारला सांगावं लागलं होतं, की नागपूरला 10 हजार कुप्या ताबडतोब द्या. मे महिन्यात वर्ध्याला हे औषध बनायला लागलं. तोवर काका गेले होते. आणि आता तीच कुपी, माणसांच्या औषधांच्या दुकानातून, कसलीही रांग न लावता, मांजरासाठी घरी येणार होती. बाबा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, “लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, आज ही कुपी कोणाच्या तोंडातून काढून घेतलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनीच विचारलं, “डॉक्टरांनी किती वाजता बोलावलं?” पुढे बहुतेक वेळा गोट्याला धरून तेच बसायचे. घरातल्या मोठ्यांना मांजरावरचा खर्च आणि माया कळत नाही, असं आपण फार लवकर गृहीत धरतो. ज्यांनी मरण जवळून पाहिलंय, त्यांना थोडा वेळ द्यावा.

आता उपचाराचं. ठरलेली मुदत 84 दिवसांची असते. पोटात पाणी असलेल्या 40 मांजरांवरच्या एका जर्मन अभ्यासात 42 दिवसही पुरेसे ठरले, पण तो निर्णय तपासण्या बघून डॉक्टरांनी घ्यायचा, पैसे संपले म्हणून आपण नव्हे. ताप बहुधा पहिल्या काही दिवसांतच उतरतो आणि मांजर वाटीपाशी येऊन ओरडू लागतं. तसं झालं नाही, तर निदान किंवा मात्रा यांत काहीतरी बसत नाहीये, हे डॉक्टरांना लगेच सांगा. खरा धोका त्यानंतरचा. तिसऱ्या आठवड्यात मांजर पडद्यावर चढतं आणि घरच्यांना वाटतं, झालं की बरं, कशाला टोचायचं? तिथे औषध सोडलं तर आजार उलटू शकतो. मात्रा वजनावर असते आणि बरं होणारं मांजर वाढत असतं, म्हणून दर आठवड्याला वजन करून मात्रा वाढवून घ्यावी लागते. डोळे किंवा मेंदूत आजार असेल तर मात्रा मुळातच जास्त लागते. साधारण दर महिन्याला रक्त तपासून ए-जी रेशो वर चढतोय का ते बघायचं. औषध संपल्यावरही पुढचे तीन महिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं.

कातडीखालचं इंजेक्शन झोंबतं. मांजर किंचाळतं, बोचकारतं. आधी वेदना कमी करणारं औषध देता येतं, ते मागून घ्या. जीएसच्या गोळ्या मिळाल्या तर इंजेक्शनचा त्रास वाचतो. पण ‘एफआयपीचं औषध’ म्हणून लेबल नसलेल्या बाटल्याही विकल्या जातात. त्यात किती मिलिग्रॅम आहे हे कोणी लिहून देत नसेल, तर ते मांजराला देऊ नका. आणि पैशांबद्दल पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचारा: औषध, तपासण्या, सगळं धरून पूर्ण मुदतीचा अंदाज किती? यात लाजण्यासारखं काही नाही. अर्ध्यावर औषध थांबणं हे सगळ्यात वाईट.

तापासाठी औषधाच्या दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने चांगल्या मनाने पॅरासिटामॉल पुढे केलं होतं, “लहान मुलांचं आहे ताई, चालेल.” चालत नाही. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. रक्त ऑक्सिजन वाहू शकेनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात. एक गोळी जीव घ्यायला पुरते. आयबुप्रोफेनही नको. घरात ही औषधं असतील तर कोणी माया म्हणून देऊन टाकणार नाही, एवढी ताकीद घरातल्या सगळ्यांना द्या. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही, तर यकृतात चरबी साचून नवाच आजार उभा राहतो. म्हणून कोमट उकडलेलं चिकन, मासळीचं पाणी, वासाने ओढून जे खाईल ते द्या. नाहीच खाल्लं तर सिरिंजने कसं भरवायचं ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. चिकनमध्ये कांदा-लसूण नको.

शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, “अवो, कोरोना हाय म्हणता, मंग आमच्या लेकरायले होईन ना?” नाही होत. हा मांजरांचा विषाणू वेगळा आहे, माणसाला किंवा कुत्र्याला लागत नाही. सायप्रसमध्ये 2023 मध्ये एक नवा, मांजरातून मांजरात पसरणारा प्रकार आढळला, तो सोडला तर एफआयपी सहसा एका मांजराकडून दुसऱ्याला जात नाही. घरातल्या बाकीच्या मांजरांना साधा विषाणू आधीच भेटलेला असतो. त्यांना हाकलू नका. विष्ठेचे ट्रे वाढवा, रोज साफ करा, जेवणाच्या भांड्यांपासून दूर ठेवा आणि काही महिने नवं पिल्लू आणू नका.

सगळी वाचत नाहीत, हेही सांगायला हवं. काहींना झटके येतात, काही पहिल्या दोन दिवसांतच जातात, काहींचा आजार पुन्हा उलटतो. औषध सुरू होऊनही मांजर श्वासासाठी झगडत असेल, उठत नसेल आणि डॉक्टरांना आशा दिसत नसेल, तर त्याला शांतपणे जाऊ देणं ही क्रूरता नाही. फक्त तो निर्णय आजाराचं नाव ऐकून घेऊ नका, मांजराची अवस्था बघून घ्या.

गोट्याची मुदत पूर्ण झाली, त्यानंतरचे निरीक्षणाचे महिनेही निर्विघ्न गेले. आता त्याचं वजन चार किलोच्या वर आहे.

तुमचं मांजर दोन वर्षांच्या आतलं असेल, चार-पाच दिवस अँटिबायोटिक देऊनही ताप परत येत असेल, वजन उतरत असेल किंवा पोट फुगत असेल, तर आजच डॉक्टरांना सांगून रक्तातली प्रथिनं आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या.