उकिरड्यांतील अळ्या व त्यांचा बंदोबस्त

घरांत माशा फार झाल्या म्हणजे आपण धूर करतों, अन्न झांकतों. परंतु माशी जेथें जन्मते त्या उकिरड्याकडे कोणी पाहत नाहीं. त्याच माशा पुढें शेणावरून उठून मुलांच्या दुधावर बसतात व हगवणीसारखे रोग घरांत आणतात.

ताज्या शेणांत किंवा लिदींत मादी एका वेळीं शंभर-सव्वाशें अंडीं घालते. उष्ण दिवसांत चोवीस तासांच्या आंत त्यांतून अळ्या निघतात व चार ते सात दिवस शेणावर पोसतात. नंतर, आणि हेंच मुख्य होय, त्या खाणें सोडून ढिगाच्या कडेच्या कोरड्या, सैल मातींत शिरतात व कोश करितात. पुढें चार-पांच दिवसांत माशी उडते. तेव्हां जें करावयाचें तें अळी ढिगांत आहे तोंवरच केलें पाहिजे.

ढिगाच्या पोटांत हात घालवत नाहीं इतकी ऊब असते. 50 अंश सेंटिग्रेडच्या वर अळी जगत नाहीं, म्हणून ती वरच्या थरांतच राहते. दर चार-पांच दिवसांनीं हा थर फावड्यानें ओढून मध्यभागीं दाबावा, म्हणजे अळ्या त्यांतच शिजतात. सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं 1931 सालीं प्रसिद्ध केलेल्या इंदूर पद्धतींतही ढीग उलटावयाचा असतो. पण तो खत कुजण्यासाठीं, व पहिली पाळी येते सुमारें पंधरवड्यानें. माशीला इतका अवधि देऊं नये. ढिगाभोंवतालची जमीन चोपून घट्ट ठेवावी. कोंबड्या असल्यास त्यांस तेथें मोकळ्या सोडाव्या. त्या हें काम फुकट करितात.

चुना मात्र टाकूं नये. मीं एका उन्हाळ्यांत टाकिला, तों नाकाला झोंबणारा वास सुटला. तो अमोनियाचा, म्हणजे खताचें नत्रच हवेंत गेलें.

परसांतील काकडी, दोडका, कारलें यांतील अळी निराळ्या माशीची, फळमाशीची, असते. तिची मादी कोंवळ्या फळाच्या सालीखालीं अंडीं घालते. पण ही अळीही कोशासाठीं मातींतच उतरते. किडकीं फळें उकिरड्यावर फेंकण्याची आपली रीत म्हणूनच वाईट. तीं रोज वेंचून दोन फूट खोल पुरावीं व वर माती तुडवावी. कोंवळ्या फळांस कागदाची पिशवी बांधावी, आणि वेलाच्या बुडाची माती मुळें न दुखवितां वरचेवर हालवावी, म्हणजे उघडे पडलेले कोश ऊन व पांखरें संपवितात.