धुराला लगाम

गाडीच्या इंजिनात इंधन जळते आणि धूर बाहेर पडतो. एका गाडीचा धूर थोडा असतो. पण हजारो गाड्या धावू लागल्या की शहराची हवा बिघडते. ज्याच्याजवळ सायकलही नाही, त्यालाही त्याच हवेत श्वास घ्यावा लागतो. म्हणून सर्व गाड्यांसाठी नियम करावे लागतात.

दिल्लीचे उदाहरण पाहा. एम. सी. मेहता या वकिलांनी १९८५ साली वाहनांच्या धुराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २८ जुलै १९९८ रोजी न्यायालयाने आदेश दिला, की ३१ मार्च २००१ पर्यंत शहरातील सर्व बसगाड्या सीएनजीवर, म्हणजे दाबून भरलेल्या नैसर्गिक वायूवर चालवाव्यात. हा वायू जळताना डिझेलसारखा काळा धूर निघत नाही.

मुदत आली, तेव्हा वायू भरण्याची केंद्रे अपुरी होती. बसच्या रांगा लागल्या, प्रवाशांचे हाल झाले. मुदत वाढवावी लागली. पण आदेश मागे घेतला गेला नाही. २००२ च्या अखेरीस शहरातील डिझेल बस बंद झाल्या.

पुढे मोटारी व दुचाकी वाढतच गेल्या आणि मिळालेला लाभ ओसरला. मुलांनो, प्रत्येक गाडीचा धूर कमी करणे पुरेसे नाही. गाड्यांची संख्याही आवरली पाहिजे. त्यासाठी बस आणि रेल्वे पुरेशा, स्वस्त व वेळेवर हव्यात.

शब्दार्थ : दाद मागणे – न्याय मागणे. मुदत – ठरवून दिलेला काळ. ओसरणे – कमी होणे.

प्रश्न : १. मुदत का वाढवावी लागली? २. मिळालेला लाभ का ओसरला?