परवाना निलंबित, मग भाड्याची गाडी कशी घ्यायची?

पालक-शिक्षक मित्रांनो, गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाड्या पाहिल्यात ना? त्या स्वतः चालवायला भाड्याने मिळतात. वैध परवाना मात्र हवाच. तो निलंबित असेल तर? काहीजण म्हणतात, "मित्राच्या नावावर घेऊ, चालवू आपण!" पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा चालकाला १०,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी हाती देणाऱ्या मित्रालाही ५,००० रुपये दंड किंवा कैद! अपघात झालाच, तर गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते.

मग सरळ मार्ग कोणता? चालकासह टॅक्सी करा आणि निलंबनाची मुदत संपू द्या. मागच्या सीटवरची मुलं आपल्याकडे बघूनच नियम शिकतात.

वर्गात विचारा: मित्राने गाडी मागितली, तर 'नाही' कसं म्हणाल?