आवाज ओळखीचा, पण माणूस कोण?

आम्ही सातारा-सांगलीचे कापडवाले इचलकरंजीचा, सुरतेचा माल फोनवरच्या शब्दावर उचलतो. आता त्या शब्दाचीच नक्कल होऊ लागली आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. खऱ्या मुनिमाला बाजूला सारून खोटा मुनीम बसवावा, तशी चोरांनी एटीएमची मंजुरी देणारी नकली यंत्रणा उभी केली होती. तेव्हा यंत्र फसले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने माणूस फसतो. २०२४ मध्ये हाँगकाँगला एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर साहेबांचे बनावट चेहरे पाहून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ‘खाते बदलले, नव्या खात्यात पैसे टाका’ असा निरोप आला, तर फोन ठेवून वहीतल्या जुन्या नंबरावर आपणच फोन लावावा. दोन, फसगत होताच १९३० वर कळवावे. उशीर झाला की पैसा पुढे सरकतो. तीन, कमिशनच्या लोभाने आपले खाते कुणाला वापरू देऊ नये. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या संस्थेने ‘म्यूलहंटर’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेचीच यंत्रणा तयार केली आहे. चोराबरोबर खातेदारही चौकशीत सापडतो, आणि पेढीची पत एकदा गेली की परत येत नाही.