सोलापूर ते पंढरपूर : पायी दिंडीची पूर्वतयारी

आषाढी एकादशीस पायी पंढरीस जाण्याचा संकल्प करणाऱ्या भाविकांनी तयारीचा विचार किमान महिनाभर आधी करावा. सोलापूरहून तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा या मार्गाने पंढरपूर सुमारे ८० किलोमीटर भरते. शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखीही तुळजापूरहून सोलापुरात येऊन मंगळवेढ्याकडे जाते. त्या पालखीतील शिस्त ज्यांनी पाहिली असेल, त्यांना पुढील विवेचन वेगळे समजावून सांगावयास नको.

नव्या दिंडीने चार ते पाच मुक्काम धरावेत. एका दिवसात तीस किलोमीटर चालण्याची ईर्षा पहिल्या दिवशी शोभते, तिसऱ्या दिवशी अंगाशी येते. पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी निम्मी वाट सरावी. मुक्कामाची जागा, तेथील पाणी आणि शौचाची सोय एका जाणत्या सेवेकऱ्याने आधी जाऊन प्रत्यक्ष पाहून यावी. हा भाग काळ्या मातीचा आहे. पाऊस झाल्यास रानात राहुट्यांच्या मेखा टिकत नाहीत व सामानाचा ट्रक रुतून बसतो; म्हणून शाळा, मठ किंवा मंदिराचा ओटा आधीच विचारून ठेवावा.

पाण्याबाबत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ वारंवार उद्भवत असे आणि तिचे मूळ दूषित पाण्यातच होते. माणशी रोज किमान चार लिटर पिण्याचे पाणी धरावे. पन्नास जणांच्या दिंडीस २०० लिटर झाले, स्वयंपाकाचे निराळे. पाणी उकळावे, अथवा क्लोरीनचे औषध बाटलीवरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. जुलाब झाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) विरघळवून थोडे थोडे पाजावे आणि रुग्णास वैद्यकीय पथकाकडे न्यावे.

उपवासाच्या दिवशी भगर वापरताना विशेष दक्षता हवी. दमट हवेत उघड्या राहिलेल्या भगरीच्या पिठास बुरशी लागून विषबाधा होते. भगर पाकीटबंद घ्यावी, पीठ दळून साठवू नये, शिजविलेले अन्न त्याच वेळी संपवावे. दामाजीपंतांच्या मंगळवेढ्यात अन्नाची उणीव भासत नाही. उणीव भासते ती स्वच्छतेची.

पायांत नवे पादत्राण घालून निघू नये. निदान पंधरा दिवस वापरलेले असावे. फोड आल्यास तो फोडू नये, स्वच्छ पट्टीने झाकावा. पिशवीत दोन जोड सुती कपडे, प्लॅस्टिकची खोळ, विजेरी, रोजची औषधे एवढेच पुरे. बाकीचे ओझे पहिल्याच मुक्कामी जड वाटू लागते.

एका वर्षी आमच्या दिंडीतील एक वृद्ध गृहस्थ वाखरीच्या गर्दीत मागे राहिले. भ्रमणध्वनी होता, पण तो बंद पडलेला, आणि मुलाचा क्रमांक त्यांना पाठ नव्हता. रात्री उशिरा ते सापडले, तेव्हा घशातून शब्द फुटत नव्हता. तेव्हापासून प्रत्येकाच्या गळ्यात नाव, गाव, रक्तगट, आजार आणि दिंडीप्रमुखाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात अडकविली जाते. दर विसाव्याला शिरगणती होते.

चंद्रभागेत स्नानास उतरताना पात्राचा अंदाज घेऊ नये. उजनी धरणातून पाणी सोडल्यास पातळी वाढते, वाळूतील खड्डे दिसत नाहीत. काठाशी, जीवरक्षक असतील तेथेच स्नान करावे व मुलांचा हात सोडू नये. परतीच्या गाडीची व्यवस्था निघण्यापूर्वीच करून ठेवावी. एकादशीच्या रात्री ती होत नाही.