आधी झाडं ठरव, मग दिवा

हे बघ बाळा, टँक घरी आणलास ते छान झालं. आता दिवा घ्यायला दुकानात जाण्याआधी मामाचं एवढं ऐकून घे. माशांना दिव्याची फारशी गरज नसते, दिवसा खोलीत असतो तेवढा उजेड त्यांना पुरतो. दिवा लागतो तो झाडांना आणि बघणाऱ्या आपल्याला. म्हणून झाडं कोणती लावायची ते आधी ठरव.

अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन ही कमी उजेडात तगणारी झाडं. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती तर आपल्या कोकणातल्या ओढ्यांत वाढतात. तुझा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे साधारण 56 लिटर पाण्याचा. लिटरमागे 20 ल्युमेन धरले तर हजार-अकराशे ल्युमेनचा एलईडी या झाडांना पुष्कळ झाला. लाल पानांच्या झाडांना याहून बराच जास्त उजेड लागतो, वर खत आणि कार्बन डायऑक्साइडही द्यावा लागतो. पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नकोस.

दुकानदार वॅट सांगेल, तू ल्युमेन विचार. खोक्यावर 6500 केल्विनच्या आसपासचा आकडा असला की झालं. निळा-गुलाबी दिवा तो हमखास पुढे करेल. त्यात मासे झगमगतात खरे, पण पंखांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके उठले किंवा शेपटीची कड झिजायला लागली, तर ते त्या रंगात दिसतच नाही. पांढऱ्या उजेडात आजार पहिल्या दिवशी नजरेत येतो. माझ्या मते पांढरा दिवा घ्यायला एवढं एक कारण पुरे आहे.

खरी गडबड होते ती तासांची. पाहुणे आले, लाव दिवा. झोपेपर्यंत राहू दे चालू. मग महिन्याभरात काच हिरवी आणि पानांवर शेवाळाचे धागे. नवीन टँकला दिवसाला सहा तास पुरेत. झाडांनी मूळ धरलं की आठ, त्यावर नाही. तू कामावरून सातला येतेस ना? मग संध्याकाळी पाच ते अकरा ठेव. टायमर लाव, पण फिरत्या तबकडीचा असेल तर वीज गेली की तोही थांबतो आणि तेवढा मागे पडतो. तुमच्याकडे वीज जाते, तेव्हा बॅटरीवर वेळ राखणारा घे. सुरुवातीला काचेवर तपकिरी थर येईल, त्याला घाबरू नकोस, पुसत राहा. काही आठवड्यांत तो आपोआप कमी होतो. टँक खिडकीच्या उन्हात मात्र ठेवू नकोस. शेवाळ माजतं आणि पाणीही तापतं.

माशांना पापण्या नसतात, त्यामुळे रात्री पूर्ण अंधार हवा. निऑन टेट्रा रात्री बघ, अंगावरची ती निळी रेघ फिकी पडलेली असते. अशा वेळी एकदम दिवा लावलास तर बिचारे दचकून काचेवर आपटतात. आधी खोलीतला दिवा लावायचा, जरा वेळाने टँकचा.

आणि वायर सॉकेटकडे सरळ उतरवू नकोस. सॉकेटच्या खाली तिला एक झोळ दे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी दिव्याचा आणि हीटरचा प्लग काढायचा, दरवेळी.