कुलूप न तोडता चोरी

मोठ्या कंपन्या संगणक-सुरक्षेवर अमाप खर्च करतात. तरीही १५ जुलै २०२० रोजी अमेरिकेतील १७ वर्षांच्या मुलाने साथीदारांसह ‘ट्विटर’ (आताचे ‘एक्स’) कंपनीत शिरकाव केला. महासाथीमुळे घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्यांनी फोन केले, ‘तांत्रिक विभागातून बोलतो, जोडणीतील अडचण दूर करतो’ असे सांगितले आणि हुबेहूब बनावट पानावर पासवर्ड भरून घेतला. मग बराक ओबामांसह अनेक नामवंतांच्या खात्यांवरून बिटकॉइनच्या नावे लोकांना लुबाडले. यालाच ‘सोशल इंजिनिअरिंग’ म्हणतात.

हेच तंत्र ग्राहकांवरही चालते. ऑक्टोबर २०२३ मध्ये फरीदाबादच्या एका तरुणीला भामट्यांनी सरकारी अधिकारी असल्याचे भासवून १७ दिवस ‘डिजिटल अटकेत’ ठेवले. तिचे सुमारे अडीच लाख रुपये गेले. कायद्यात अशा अटकेची तरतूदच नाही.

तेथे मदतीचा बहाणा होता, येथे भीतीचा धाक. दोन्हीकडे समोरच्याची ओळख पडताळली गेली नाही. म्हणून कर्मचारी असो वा ग्राहक, आलेल्या फोनवर गुप्त माहिती देऊ नये. फोन ठेवून अधिकृत क्रमांकावर स्वतः खात्री करावी. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर व आपल्या शाखेस तत्काळ कळवावे.